हेल्मरला पाहुणे आधी जेवतात

हेल्मर, नॉर्थ डकोटा
८ सप्टेंबर १९८६

अर्विड,

हे पाकीट तू फोडलंस म्हणजे माझं अर्धं काम झालं. चार वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. मोठी बहीण म्हणून मी तुझा कान धरला असता, पण ॲरिझोनापर्यंत माझा हात पोचत नाही. तिथे म्हणे थंडीतही म्हातारे अर्ध्या चड्डीत फिरतात. तुझे पाय मी पाहिलेत, त्यामुळे तुझ्या शेजाऱ्यांची मला दया येते.

कामाचं आधी सांगते. शनिवारी कॉलेजचा फुटबॉलचा मोसम सुरू झाला आणि आपण हरलो. कितीने ते मी लिहिणार नाही. हवं असेल तर पत्र टाकून विचार.

या खेळातलं मला काही कळत नाही. तू इतकी वर्षं या टीमचा कोच होतास, पण मी एकदाही मैदानावर पाऊल टाकलं नाही. सामना चालू असताना मी चर्चच्या तळघरात बटाटे सोलत असते. निकाल मला जिन्यावरून कळतो. जेवायला येणारे समोरच्या टीमचे पाहुणे जिना धडाधडा उतरले तर आपण हरलो, आणि एकेक पायरी जपून उतरले तर जिंकलो. शनिवारी जिना नुसता दणाणत होता.

जेवण नेहमीसारखं झालं. आपली पोरं आंघोळ करून ओल्या केसांनी आली, आणि ज्यांनी दुपारभर त्यांना मातीत लोळवलं त्यांच्याच पुढे ताटं ठेवायला लागली. पाहुण्यांचं उरकल्याशिवाय घरच्यांनी बसायचं नाही, हा आपल्या आईने घालून दिलेला नियम अजून कुणी मोडलेला नाही. गेलन स्वतः एप्रन बांधून कॉफी ओतत होता. त्यांचा कोच ओशाळून म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला?" गेलन म्हणाला, "कप जरा पुढे घ्या, सांडेल." त्यांच्या कोचने कप पुढे केला.

तुझा मुलगा आहे तो, अर्विड. त्याने तुझी जागा घेतली तेव्हा भर कॅफेत सगळ्यांसमोर तू म्हणालास, "हा टीम बुडवणार," आणि घर विकून उन्हात जाऊन बसलास. त्या दिवसापासून तो तुझ्या एका शब्दाची वाट बघतोय. तोंडाने तो हे कधी म्हणणार नाही, तुझ्यावरच गेलाय. म्हणून मी म्हणते. लांबलचक काही नको, एक ओळ पाठव.

भांडी पुसता पुसता त्याने तुझं विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. मग त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले.

सेल्मा

२२ सप्टेंबर

अर्विड,

मी मैदानावर जात नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, ते आता खोडून टाक.

झालं असं, की गेलन स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला. बाहेरगावच्या सामन्याला पोरांच्या खाण्याचं बघायला कुणी नाही म्हणाला. "आत्या, तू येशील?" मी म्हटलं, येते, पण मी खेळ बघणार नाही, बसमध्ये विणत बसेन. तर शुक्रवारी पहाटे सँडविचचे खोके घेऊन निघाले. सबंध दिवस बस चालत होती.

एवढ्या लांब जावं लागतं त्याचं मूळ तू आहेस, हे मी तुझ्या तोंडावर सांगते. आपल्या भागातल्या टीमांच्या संघटनेच्या बैठकीत बाकीच्या कॉलेजांनी ठराव केला की सामना संपला की पाहुण्यांनी थेट बसमध्ये बसायचं, जेवणाची भानगड नको, पोचायला उशीर होतो. तू टेबलावर मूठ आपटलीस. जे आमच्याकडे जेवणार नाहीत त्यांच्याशी आम्ही खेळणार नाही म्हणालास आणि टीम संघटनेतून बाहेर काढलीस. गावाने तुला डोक्यावर घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण आता आजूबाजूच्या कॉलेजांच्या तारखा आपापसात भरलेल्या असतात आणि आपण एकटे पडलोय. मग आपल्याला बोलावतं कोण? ज्यांच्याकडे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि त्या दिवशी हमखास जिंकायचं आहे, ते. सणाला बोकड लागतो तसे आपण लागतो. गेलनने मनात आणलं असतं तर संघटनेत परत जाण्याचा अर्ज केव्हाच केला असता. त्याने केला नाही. का केला नाही ते तू स्वतःला विचार.

असो. शनिवारी बस एका उंचच उंच भिंतीपाशी थांबली. मला वाटलं धान्याची कोठारं असतील. ते स्टेडियम होतं. आत गेले. आपलं अख्खं हेल्मर त्याच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. इतकी माणसं एका सुरात ओरडतात तेव्हा तो आवाज कानाला ऐकू येत नाही, छातीला लागतो. मी जन्मभर चर्चचा ऑर्गन वाजवला, पण असा आवाज माझ्या हातून कधी निघाला नाही. मी विणकाम पिशवीत ठेवलं. आणि त्या आवाजाच्या मधोमध आपली पोरं धावत आली. इतकी लहान दिसत होती!

चेंडू फेकणाऱ्या पोराला सांभाळायला त्याच्यापुढे पाच जणांची रांग वाकून बसते, हे मला त्या दिवशी समजलं. त्या रांगेत डावीकडे डॅरिन होव्हलंड असतो, डावा गार्ड म्हणतात त्याला. तू गेल्यावर कॉलेजात आलेला, बाप लांब पश्चिमेकडे सूर्यफुलं लावतो. त्याच्यासमोरचा गडी गोठ्याच्या दाराएवढा होता. त्याने पहिल्याच झटक्यात डॅरिनला उताणा पाडला. डॅरिन उठला, हेल्मेट सरळ केलं आणि त्याच जागी जाऊन वाकून बसला. पुन्हा उताणा. पुन्हा उठला. आधी मी मोजत होते, मग मोजायचं सोडून नुसती बघत राहिले. माझ्या मागे बसलेले लोक सुरुवातीला फिदीफिदी हसत होते. आपल्या नावावर शून्य होतं आणि त्यांचे गुण फलकावर मावत नव्हते, पण शेवटी शेवटी ते लोक हसेनासे झाले. एक बाई तर आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो मुलगा परत उठला बघा."

पडणं आणि उठणं यावर मी आजवर ढीगभर प्रवचनं ऐकली. एकही मनाला लागलं नव्हतं. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी बघितलं आणि मला हुडहुडी भरली. उन्हात बसले होते तरी भरली.

सामना संपल्यावर आपल्या पोरांनी जे केलं ते ऐक. ती बसकडे गेलीच नाहीत. आंघोळी करून, भांग पाडून, बाहेर रांगेत उभी राहिली. बराच वेळ उभी होती. शेवटी पहिल्या वर्षातल्या एकाने तिथल्या माणसाला अदबीने विचारलं, "जेवण कुठल्या खोलीत आहे?" त्याला कळेचना. मग कळलं आणि तो हसत सुटला. बिचाऱ्यांना वाटलं होतं सगळीकडे असंच असतं, पाहुण्यांना जेवू घालूनच पाठवतात. डॅरिनसारख्या जुन्या पोरांना ठाऊक होतं, पण तीही नव्या पोरांबरोबर मुकाट उभी राहिली होती.

मी बसच्या पायरीवर सँडविचचे खोके उघडले. स्टेडियम झाडायला आलेले चार लोक तिथून जात होते. पोरांनी आधी त्यांना दिलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, गेलननेही सांगितलं नव्हतं. अर्विड, मी आयुष्यभर या पोरांना जेवू घातलं आणि ती कशी आहेत हे मला माहीतच नव्हतं.

सेल्मा

१३ ऑक्टोबर

अर्विड,

आता एक कबूल करते, कारण तुलाही ते माहीत असणं गरजेचं झालंय.

मी गेलनला सांगते की तुझा फोन येतो.

पहिल्या सामन्यानंतर त्याने विचारलं तेव्हा मी नुसतं 'बरा आहे' म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघून माझी जीभ घसरली. मी म्हटलं, "फोन आला होता त्याचा. स्कोअर विचारत होता." त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले, ते त्यामुळे. मग पुढच्या वेळी काहीतरी सांगणं भाग पडलं. आतापर्यंत तू असं म्हणाला आहेस की पोरं चिवट आहेत, वाईट वाटून घेऊ नकोस, आणि तुझा मला अभिमान आहे. हे शेवटचं मी परवाच सांगितलं. तेव्हा उद्या चुकूनमाकून तू खरंच फोन केलास तर आपलं आधी काय काय बोलणं झालंय ते लक्षात ठेव.

मला लाज वाटते का? वाटते. थांबणार आहे का? नाही. तू एक ओळ पाठवलीस तर मला थांबता येईल.

शनिवारी घरी सामना होता. बीट काढणीचे दिवस आहेत हे तुला सांगायला नको. निम्म्या टीमने आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत बीटचे ट्रक चालवलेले. केंट नावाचा पोरगा आहे, चेंडू फेकणारा, तो मैदानात आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. मी आता कुंपणाशी खुर्ची टाकून बसते. बटाटे सकाळीच सोलून ठेवते. हरलोच, पण एकदा केंटने असा काही चेंडू फेकला की तो वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटला. आपल्या पोराने तो धावता धावता अलगद झेलला, आणि मी खुर्चीवर उभी राहिले. या वयात. पाद्रीबाबांनी मला धरून खाली उतरवलं. इतकं सुंदर काही गावात दर शनिवारी चाललेलं असायचं आणि मी खाली बटाटे सोलत बसायचे, याचं मला अजून नवल वाटतंय.

कॅफेतले तुझे दोस्त तसेच आहेत. आयव्हर न्हावी परवा मोठ्याने म्हणाला, "याचा बाप असता तर असं झालं नसतं." गेलन तिथेच काउंटरवर अंडी खात होता. मी आयव्हरला म्हटलं, "याच्या बापाने संघटना सोडली तेव्हा तुझ्या दुकानात चार पोरं जास्त आली होती म्हणून तू पेढे वाटल्यासारखा हिंडत होतास. आता कात्री चालव आणि गप्प बस." त्याने कॉफीच्या कपात तोंड खुपसलं. गेलन म्हणाला, "आत्या, त्यांचं चूक नाही." मी त्यालाही झापलं.

डॅरिनचं बोट मोडलंय. शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून खेळतो. ताटं मात्र आता एका हाताने वाढतो, त्यामुळे रस्सा टेबलभर होतो.

सेल्मा

३ नोव्हेंबर

अर्विड,

परवा आपण जिंकणारच होतो.

मला हे कसं लिहावं कळत नाहीये. विस्कॉन्सिनची टीम होती. शेवटचे काही सेकंद उरले होते आणि चेंडू आपल्याकडे होता. रेषेपलीकडे नेला की सामना आपला. गाव कुंपणाला चिकटून उभं होतं. आयव्हरसुद्धा दुकानाला टाळं लावून आला होता. केंटने चेंडू पोटाशी धरला आणि रांगेच्या मागून घुसला. सगळे एकमेकांवर कोसळले. पंच एकेकाला बाजूला काढत आत वाकला. चेंडू रेषेच्या अलीकडे होता, वीतभर. पंचाने मान हलवली आणि सामना संपला.

मी गेलनकडे बघत होते. तुझा रागावलेला चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे, तोच आता दिसणार असं वाटलं. त्याने टोपी काढली, समोरच्या कोचशी हात मिळवला आणि मैदानाच्या त्या टोकाला गेला. पोरं तिथे चिखलात पडली होती. तो प्रत्येकापाशी गेला, हात देऊन उठवलं, हेल्मेटवर एकदा थापटलं आणि पुढच्याकडे वळला. एकही पोरगा चुकवला नाही. कुंपणापाशी एवढी माणसं होती, पण एकही घरी निघालं नाही, एकाच्याही तोंडून अक्षर निघालं नाही. मी कितीतरी मयतांना ऑर्गन वाजवलाय, पण इतकी शांतता मी ऐकलेली नाही. ती दुःखाची नव्हती, अर्विड. लोक बघत होते. आपल्यासमोर काहीतरी फार मोठं चाललंय आणि आपण हललो तर ते मोडेल, असं वाटत होतं.

मग जेवण. केंट ताटावर ग्रेव्ही वाढताना रडायला लागला. गेलन मागून येत होता. म्हणाला, "रड की. पण भांडं खाली ठेवून रड, पाहुण्यांच्या बटाट्यात पडतंय." टेबलावर बसलेले विस्कॉन्सिनचे पोरगे आधी हसले, मग त्यातला एक उठला, केंटच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुढचं टेबल त्याने वाढलं. पाहुण्याने वाढण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण मी त्याला वाढू दिलं.

सगळं आवरल्यावर गेलनने मला विचारलं, "बाबा काही म्हणाले?" एक वीत कमी पडली याबद्दल म्हणे तू काय म्हणालास. तूच सांग, काय म्हणायचं होतं मी? म्हटलं, अजून फोन आला नाही. तो म्हणाला, "बरं." आणि न जेवता गेला.

शेवटचा सामना पंधरा तारखेला घरीच आहे. मिनेसोटाचे येणार आहेत. मी तुला ये म्हणत नाही, तू यायचा नाहीस. पोस्टकार्ड पाठव. कोरं पाठवलंस तरी चालेल, वर नुसता त्याचा पत्ता लिही. तुझं अक्षर ओळखेल तो.

सेल्मा

१६ नोव्हेंबर

अर्विड,

तू काल इथे होतास.

नाही म्हणू नकोस. सगळं सांगते, मग तू ठरव काय म्हणायचं ते.

काल सकाळपासून बर्फ पडत होतं. मैदानावरच्या रेषा झाडूने झाडून काढाव्या लागत होत्या. आपण हरलो, फार वाईट हरलो. डॅरिन, केंट आणि आणखी काही पोरांचा हा कॉलेजातला शेवटचा सामना. गाव शेवटपर्यंत कुंपणाशी उभं राहिलं आणि सगळ्यांच्या टोप्या पांढऱ्या झाल्या. शेवटच्या डावाला पोरं पुन्हा वाकून रांगेत बसली, तेव्हा त्यांच्या तोंडातून निघणारी वाफ तेवढी दिसत होती, पोरं दिसतच नव्हती. मी हात जोडून उभी होते आणि कशासाठी ते माझं मला कळत नव्हतं.

पाहुण्यांच्या बाजूला एक म्हातारा उभा होता. मफलर नाकापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. मिनेसोटाच्या नंबराच्या गाडीतून आलेला. आम्हाला वाटलं त्यांच्यातलाच कुणी, एखाद्या पोराचा आजोबा. तू विमानाने मिनियापोलिसला उतरून तिथून भाड्याची गाडी आणली असशील, हे आमच्या डोक्यात कसं येणार?

तळघरात पाहुण्यांचं जेवण सुरू झालं. डॅरिन वर दार लावायला गेला आणि येऊन म्हणाला, "सेल्माआजी, त्यांच्याकडचे एक आजोबा गाडीतच बसलेत. जिना उतरवत नसेल." पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही. मी ताट भरून दिलं. हॅम, बटाटे, बटाट्याच्या पोळ्या, केक. पोरगा मोडक्या बोटाने ते ताट घेऊन बर्फातून गेला.

बराच वेळ तो आला नाही. आला तेव्हा ताट रिकामं होतं आणि त्याच्या गुडघ्यांना बर्फ लागलेला होता. कपाळाला आठ्या. मी भांडी विसळत होते, गेलन माझ्या बाजूला पुसत होता. डॅरिन म्हणाला, "आजी, मिनेसोटाची माणसं चांगली आहेत, पण हा म्हातारा भलताच खडूस निघाला."

मी म्हटलं, काय झालं?

"सगळं खाल्लं. आभारबिभार काही नाही. मग म्हणतो, डावा गार्ड ना तू? म्हटलं, हो. या वर्षी किती जिंकलात? म्हटलं, एकही नाही. मग कशाला खेळत राहिलास?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, आजोबा, शनिवार होता."

अर्विड, तो हे विनोदाने म्हणाला नव्हता. त्याच्यासाठी त्याहून मोठं कारणच नव्हतं. शनिवार असला की खेळायचं. मी ताट धरून उभीच राहिले.

"मग तो गाडीतून उतरला," डॅरिन सांगत होता. "आणि म्हणाला, वाक. मी म्हटलं, इथे? तो म्हणाला, वाक. मग मी बर्फात वाकून बसलो, ताट बाजूला ठेवून. माझ्याभोवती एक चक्कर मारली त्याने. म्हणतो, चेंडू हलायच्या आधी तुझं ढुंगण उठतं. समोरच्याला आधीच कळतं, म्हणून तो तुला पाडतो. चार वर्षं कुणी सांगितलं नाही? आणि वर म्हणतो, तुझ्या कोचला जाऊन सांग, डावा गार्ड उठतो."

गेलनच्या हातातलं फडकं थांबलं.

तुला सांगायला नको, पण मी लिहिणार. गेलन तुझ्या टीममध्ये डावा गार्ड होता. त्याची सगळी कोवळी वर्षं तू जेवणाच्या टेबलावर त्याला हेच ऐकवलंस, मीठ मागता मागता ऐकवलंस. डावा गार्ड उठतो. मला खेळातलं काही कळत नव्हतं तरी ते वाक्य पाठ होतं.

गेलन ओल्या हातांनी, कोटाशिवाय जिना चढून गेला. मी त्याच्या मागे गेले. गाडी गेलेली होती. चाकांचे माग होते आणि त्यांच्या बाजूला डॅरिनच्या गुडघ्यांचे दोन खड्डे होते, त्यांच्याभोवती तुझ्या बुटांचा गोल. गेलन त्या गोलापाशी उभा राहिला. त्यात पाय न टाकता उभा राहिला. बर्फ पडतच होतं आणि हळूहळू ते सगळं भरून गेलं. तोपर्यंत तो हलला नाही. मीही हलले नाही. माझ्या अंगावर नुसता स्वयंपाकाचा झगा होता आणि मला थंडी वाजत नव्हती.

खाली आल्यावर त्याने डॅरिनला विचारलं, "आणखी काय म्हणाला? नीट आठव."

"बाकी काही नाही, कोच. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, बाकी रांग ठीक आहे."

"ठीक आहे, म्हणाला?"

"हो. ठीक आहे."

गेलन बटाट्याच्या पोत्यावर बसला. पाहुणे जेवून गेले, पोरं जेवली, तळघर रिकामं झालं, तरी बसून होता. मग माझ्याकडे बघून हसला. चार वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, "आत्या, ते तुझे फोन होते ना, ते फार गोड होते. बाबा कुठे तसं बोलतात?"

त्याला पहिल्यापासून माहीत होतं, अर्विड. माझं मन मोडू नये म्हणून तो केक खात होता.

मी काल तुझ्यावर इतकी चिडले की भांडी घासताना एक कप फुटला. एवढ्या लांबून आलास आणि जिना उतरला नाहीस. स्वतःच्या गावात पाहुण्याचं ताट घेतलंस. पण रात्रभर विचार करून माझा राग कुठे गेला ते मला सापडत नाहीये. तू आलास. तू, जो स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होतास, तो किकऑफच्या आधी येऊन बर्फात उभा होतास.

सेल्मा

१८ नोव्हेंबर

अर्विड,

हे शेवटचं सांगायचं राहिलं होतं.

काल सोमवार. मोसम संपला. मी ऑर्गनच्या सरावाला निघाले होते, वाटेत मैदानापाशी थांबले. गुडघाभर बर्फ आणि त्यात दोन माणसं. गेलन आणि डॅरिन.

डॅरिन मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडणार. बापाची सूर्यफुलं सांभाळणार. त्याला पुढे कुठली टीम नाही, कुठला सामना नाही, आयुष्यात पुन्हा कधी त्या रांगेत बसायचं नाही. आणि तो बर्फात वाकून बसला होता, एक हात जमिनीला टेकवून, मोडकं बोट जपून. गेलन त्याच्यासमोर चेंडू धरून. गेलनने चेंडू हलवला, डॅरिन झेपावला. गेलनने मान हलवली. पुन्हा. पुन्हा मान हलवली. पुन्हा. दोघांपैकी कुणीही, आता हे कशासाठी, असं म्हणत नव्हतं. मी कुंपणाला धरून उभी होते आणि मला वाटलं, देवाने जग केलं तेव्हा कुणी बघायला असतं तर ते असंच गप्प उभं राहिलं असतं.

ऑर्गनचा सराव बुडाला. पाद्रीबाबांना मी खरं कारण सांगितलं.

शेवटी एकदा डॅरिन झेपावला आणि गेलनने मान हलवली नाही. आणखी एकदा करायला लावलं, खात्रीसाठी. मग दोघांनी एकमेकांशी हात मिळवला. डॅरिन वर्गाला गेला आणि गेलन बर्फ झाडत कुंपणापाशी आला. नाक लाल, भुवयांवर बर्फ, हुबेहूब तू.

मी म्हटलं, "मी तुझ्या बापाला पत्र लिहिणार आहे. काही कळवायचंय?"

त्याने चेंडू काखेत धरला आणि मागे वळून मैदानावरच्या त्या जागेकडे बघितलं.

"कळव," तो म्हणाला. "आता उठत नाही."

सेल्मा